ज्ञानू हवालदाराची पलटण

कोरेगावकडच्या आमच्या गावात ज्ञानू हवालदार रोज सकाळी बैल व्हायचा. लढाई संपवून परतलेला आडमाप गडी, मिशांना पीळ, आणि मारुतीच्या देवळापुढं गळ्यात घुंगरमाळ घालून रांगत चालायचा. पाठीवर तीन-चार वर्षांचं एखादं पोर. बाकीची मागनं ओरडायची, "डावीकडं! उजवीकडं!" बाजू चुकली की बैल जागचा हलत नसे.

"आवं मास्तर, शाळंत यायच्या आदी डावं-उजवं कळाय नगं व्हय?" तो मला विचारी. मी गावच्या शाळेत मास्तर. माझ्याकडं पोरं यायची ती सहा-सात वर्षांची झाल्यावर. त्याखालची सगळी पलटण हवालदाराची.

ज्वारी, हुलगे, मटकी कालवून तो पोरांना निवडायला लावी. चुलीतली राख पसरून तीत बोटानं गोल काढून घेई. ओढ्याच्या मातीची जनावरं करवी. कुणी तीन पायांचा बैल केला, तर उठून कडक सलाम ठोकी. "लंगडा हाय तर काय झालं? लढाईतनं आलाय त्यो!"

गाव हसायचं. म्हातारी माणसं म्हणायची, तोफांच्या आवाजानं डोकं फिरलंय.

एकदा मी सरळच विचारलं. "हवालदार, हा खटाटोप कशासाठी?"

त्यानं नजरेनंच समोरचं आपलं घर दाखवलं. दाराची चौकट धरून त्याची मुलगी हौसा उभी होती.

"मी फौजंत गेलो तवा पोटात हुती. आता चार वर्सांची हाय. मला बघितलं की आत पळती. आईला इचारती, ह्यो पावणा कवा जाणार? हाक मारली तर येत न्हाई. खेळ बघून तरी यील."



काही दिवसांनी हौसा चौकटीतून पायरीवर आली. मग देवळाच्या कट्ट्यापर्यंत. एका पोरानं तिला ओढून आणायला धरलं, तर हवालदार कधी नव्हे तो ओरडला, "सोड तिला! यील तिच्या मनानं."

एका सकाळी त्यानं नवा खेळ काढला. डोळ्यांवर पटका बांधून तळहात पुढं केला. पोरं वस्तू ठेवणार, हा ओळखणार. चिंचोक्याला भोपळा म्हणाला, कवडीला म्हैस. पोरं हसून लोळायला लागली.

तेवढ्यात हौसा कट्ट्यावरून उतरली. तिच्या हातात काही नव्हतं. तिनं आपला हातच त्या तळहातावर ठेवला.



"वळखा की!" पोरं ओरडली.

"न्हाई वळखत," तो हळूच म्हणाला. "तूच सांग."

"मी हाय, आबा. हौसा."

त्यानं मूठ मिटली नाही. हात तसाच उघडा ठेवला. "सोडा पटका, आता माझी पाळी!" म्हणून पोरांनी गिल्ला केला, पण पटका सोडायला त्याचा दुसरा हात काही वर गेला नाही.