नानाभाऊंचा मंगळावर दात

आमच्या नंदनवन वस्तीतल्या समस्त उपवर मुलामुलींच्या आईवडिलांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पत्रिका जुळवायला बसण्यापूर्वी दाराला कडी घालावी. आमच्या गल्लीत नानाभाऊ राहतात.

नानाभाऊंनी इतवारी बाजारात तीस वर्षं लाउडस्पीकर दुरुस्त केले. दुकान बंद झालं, पण एका भोंग्यातला भाकरीएवढा लोहचुंबक त्यांच्या पिशवीत राहिला. कोणाच्या घरी मंगळाचा विषय निघाला की पिशवीसकट हे हजर.

"ज्याले सोताची हवा सांभाळता आली नाही, तो पोरीचा संसार काय मोडते गा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

परवा माझ्या भाचीला पाहायला लकडगंजचे लोक आले. सगळं पसंत पडलं. मग मुलाच्या आईने पत्रिका उघडली. "पोरीले मंगळ आहे जी. आमचं जमत नाही."

भाचीची मान खाली गेली. कडी घालायला मी विसरलो होतो. खरं सांगायचं तर मुद्दामच.

नानाभाऊंनी आल्या आल्या पत्रिकेखाली लोहचुंबक सरकवला आणि वर लोखंडाचा कीस भुरभुरला. "हे आपली पृथ्वी. पोटात चुंबक. कीस म्हणजे हवा. अन् सूर्यावरून कणांचा वारा येऊन राहिला, रातंदिन." गाल फुगवून त्यांनी फुंकर मारली. कीस जागचा हलला नाही. मग त्यांनी चुंबक काढून घेतला. "हा तुमचा मंगळ. पोट थंडं पडलं, चुंबक गेला." पुन्हा फुंकर.

मंगळाचं सगळं वातावरण मुलाच्या वडिलांच्या तर्री-पोह्यांत जाऊन पडलं.

"खाऊ का नको?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"थांबा जरा," म्हणून ती नानाभाऊंकडे वळली. "भाऊ, तुम्हाले एवढं काहून लागून राहिलं? पोरगी तुमची आहे का?"

एरवी असं कोणी विचारलं की नानाभाऊ गुरू ग्रहाच्या चुंबकाकडे वळतात आणि तासभर परतत नाहीत. त्या दिवशी ते खाली वाकून कीस वेचायला लागले.

"माह्या पोरीचं, सुमीचं, जमलेलं मीच मोडलं, ताई. याच मंगळापायी. पुण्याले राहते एकटी, माह्याशी बोलत नाही. तवा मले कोठी मालूम होतं, हा मंगळ एवढा गरीब आहे."

मुलाच्या आईने पत्रिका झटकली, न पाहताच तिची घडी करून पर्समध्ये टाकली, आणि एकदम म्हणाली, "आमचं जमलं जी. पण आम्हाले काय दाखवता हे? सुमीले दाखवा ना."