तेरा आठे चारोदरसे

पाढ्यांच्या बाबतीत मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. तिसापर्यंतचे झोपेत म्हणेन. तसं सध्या मला झोपच येत नाही, ती गोष्ट वेगळी. कारखाना बंद पडल्यापासून मी ताईकडे राहतो. भाऊजी रोज जेवताना विचारतात, "काही जमलं का?" मी नाही म्हणालो की ते मीठ मागतात. लाजेकाजेस्तव भांडी घासायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलंय.

त्या दिवशी भाची, म्हणजे आमची टिकली, ओट्याशी येऊन रडायला लागली. तेराचा पाढा येत नव्हता. परीक्षेत जो चुकेल त्याची रवानगी खालच्या वर्गात, अंधाऱ्या खोलीत. आणि टिकलीला अख्ख्या शाळेत मैत्रीण एकच, शेजारी बसणारी चष्मेवाली.

"मामा, मग मी तिथे एकटी काय करू?"

एकटं बसणं म्हणजे काय ते मला नव्याने कळत होतंच.

"मी आहे ना," मी कढई घासत म्हणालो. "पाढ्यात डोकं घालायचं नाही. नुसतं माझ्यामागून म्हणायचं. तेरा साते एक्क्याण्णव, तेरा आठे चारोदरसे, तेरा नवे सतरोदरसे, तेरा दाहे तीसासे!"

पोरीने काय उचललं म्हणता! भांडी संपेपर्यंत पाढा तोंडपाठ. भाऊजींनी पेपर खाली ठेवला. "आमच्या मास्तरांची आठवण झाली," म्हणाले आणि चक्क मला चहा विचारला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी दोन कप प्यायलो.

परीक्षा लेखी निघाली, आणि शाळेतून बोलावणं आलं. भाऊजी म्हणाले, "शिकवलंस तू, निस्तर तू."

बाईंनी टिकलीचा पेपर माझ्यापुढे सरकवला. तेरा आठे चारशे. तेरा नवे सतराशे. तेरा दाहे तीन हजार!

"बाई, चारोदरसे म्हणजे शंभरावर चार हो. जुनी पद्धत आहे. तीसासे म्हणजे एकशे तीस."

"हे तिला सांगितलंत?"

मी टिकलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, एक्क्याण्णवनंतर एकदम चारशे कसे? पण तूच म्हणालास, डोकं घालायचं नाही."

एवढ्यावर भागलं असतं. पण बाईंनी दुसरा पेपर काढला. चष्मेवालीचा. तिथेही चारशे, सतराशे, तीन हजार. "ही मुलगी गणितात कधी चुकत नाही. हिलाही तुम्हीच शिकवलंत का?"

मी कानाला हात लावले. पण पेपर नीट पाहिला तर एकशे चार खोडून त्यावर चारशे लिहिलं होतं. तिन्ही ठिकाणी तसंच. शेजारणीचं बघून तिने स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं होतं.

दोघींना खाली पाठवलं. शाळेच्या फाटकात चष्मेवालीची आई मला शोधत होती, म्हणून मी मागच्या गल्लीने घरी आलो. चहा बंद झाला. भाऊजी आता मीठसुद्धा ताईकडेच मागतात.

काल भांडी घासताना टिकली पुन्हा ओट्याशी आली. म्हणाली, पुढच्या परीक्षेला चौदाचा पाढा आहे. मी आता शहाणा झालोय. बाहेर भाऊजींचा पेपर हलला तसा मोठ्याने म्हणालो, "चौदा आठे एकशे बारा. नीट ऐक. एक, एक, दोन."

"ते नको," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "ते बरोबर आहे. बरोबर लिहिलं तर वर पाठवतात. तिला जमलं आणि माझं चुकलं तर मी खाली एकटी. तू आपलं तुझं सांग. आम्ही दोघी तेच लिहिणार."

मी बाहेर पाहिलं, नळ मोठा सोडला, आणि हळूच म्हणालो, "बारोदरसे."