अमिनाभाभींसाठी बसवलेले बुश

आमच्या कंपाउंडमध्ये नवीन माणूस राहायला आला की हनीफभाई त्याला चहाला बोलावतात आणि आडवं करतात. थट्टा नाही, खरंच सांगतो. त्यांच्याकडे एक जुनी कॅराव्हॅन आहे, गाडीच्या मागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. तिच्यातल्या पलंगावर तुम्हाला झोपवायचं, पोटावर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवायचा आणि मागच्या वाळूच्या मैदानात एक फेरी मारायची. पाणी सांडलं की हनीफभाईंचा चेहरा उतरतो. तुमचा शर्ट भिजला त्याचं त्यांना काही नाही.

माणूस रत्नागिरीकडचा, पण उभा जन्म इथे आखातात, अजमानात गेलेला. काम म्हणजे कंपनीचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरायचं. हातात पाना कधी धरला नाही. ही कॅराव्हॅन त्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन साहेबाकडून घेतली, तीसुद्धा बायकोच्या पाठीसाठी.

झालं असं, की अमिनाभाभी गावाहून आल्या होत्या तेव्हा हनीफभाई त्यांना गाडीत घालून खोरफक्कानचा समुद्र दाखवायला निघाले. अर्ध्या वाटेत भाभींची पाठ अशी धरली की गाडी वळवावी लागली. "आता मला कुठे नेऊ नका," म्हणाल्या आणि गावी परत गेल्या. ते वाक्य यांच्या मनाला लागलं.

"या थंडीत आली की झोपून जाईल, राणीसारखी," ते मला म्हणाले.

"अहो, चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवू देत नाहीत. पोलीस धरतील."

"हबीबी, पोलिसाला पण पाठ असते."



पण कॅराव्हॅन खडखडायची. चाकांवरच्या कमानपाट्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात. ते झिजले की लोखंडावर लोखंड आपटतं आणि धक्का सरळ पलंगाला. मी म्हटलं, गॅरेजला द्या. नाही! भाभीच्या पाठीचं काम परक्याच्या हातात कसं द्यायचं? व्हिडिओ बघून बघून एका शुक्रवारी सकाळी त्यांनी कॅराव्हॅन जॅकवर चढवली आणि मला पाने द्यायला उभं केलं. जुना बुश काही निघेना. हनीफभाई हातोडा मारायचे, "यल्ला, यल्ला", चल बाबा चल, करत त्याची समजूत घालायचे, मग पुन्हा मारायचे. दुपारी नवे बुश बसेपर्यंत आम्ही दोघं ग्रीसने काळे झालो. माझी बायको मला दारातच ओळखेना.

एवढं करून पहिल्याच फेरीत कुरकुर सुरू, आणि पेला माझ्या छातीवर रिकामा. चाकं हवेत लटकत असतानाच आम्ही बोल्ट आवळले होते. खाली उतरवल्यावर रबर पिळवटलं. आधी वजन चाकांवर येऊ द्यायचं, मग आवळायचं. हे कळलं तेव्हा हनीफभाई म्हणाले, "मग वजन पण खरंच पाहिजे. ती काय रिकाम्या हाताने येणार आहे?"

आणि त्यांनी आत तांदळाच्या गोण्या रचल्या. कोकम, मसाला, पापड, लोणच्याच्या बरण्या, भाभी जे जे आणतील त्या सगळ्याचा अंदाज धरून. वर मला म्हणाले, "तू पलंगावर झोप."

"मी काय भाभी आहे?"

"वजन सारखंच आहे. तिला सांगू नको."

मी गुमान झोपलो. खालून बोल्ट आवळल्याचा आवाज येत राहिला. मग फेरी मारली. पाण्याचा थेंब सांडला नाही! हनीफभाईंनी पेला डोक्याला लावला आणि सगळ्या कंपाउंडला शिरा खायला घातला.

त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. डॉक्टरांनी भाभींचा प्रवास बंद केला होता, विमानाचा आणि गाडीचाही. या थंडीपुरता नाही, कायमचा. हनीफभाईंची निवृत्ती अजून लांब. "तिथे ती एकटी, इथे मी एकटा," एवढंच बोलले. नंतर किती दिवस चहालाही बोलावलं नाही. मला त्या भिजलेल्या शर्टांची चक्क आठवण यायला लागली.

मग एका शुक्रवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. कॅराव्हॅन जोडलेली, गोण्या तशाच आत. पलंगावर नवी चादर, आणि उशीवर फोन टेकवून ठेवलेला. फोनमध्ये अमिनाभाभी गावच्या खाटेवर पडलेल्या, मोठ्या संकोचाने हसत होत्या. उशीशेजारी पाण्याचा भरलेला पेला होताच.

मी पुढे हनीफभाईंच्या बाजूला बसलो. मागे माणूस नव्हता, त्यामुळे पोलिसांचीही हरकत नव्हती. मैदानाला अगदी हळू एक फेरी मारून त्यांनी गाडी थांबवली, उतरले आणि मागचं दार उघडलं. परीक्षेचा निकाल बघायला आल्यासारखे दारातच उभे राहिले. आत जायचा धीर होईना. 

"अमिना," त्यांनी लांबूनच विचारलं, "पाठ?"

भाभींनी डोळे मिटले होते. 

"एक धक्का बसला नाही हो," त्या म्हणाल्या. "पण थांबलात कशाला? खोरफक्कान अजून लांब आहे ना?"