परातीतली पूड

दोन वर्षांच्या वीरेशचा कान पुन्हा वाहू लागला, तेव्हा मल्लव्वांनी नातवासाठी सोमवारच्या उपासाला शनिवारही जोडला. सून मात्र त्याला राजारामपुरीत डॉक्टर सौंदर्यांकडे घेऊन गेली. तिथं लहान मुलांसाठी एका पुडीची चाचणी चालू होती. दह्यात असतात तसले गुणकारी जंतू रोज दुधातून पोटात गेले, तर सर्दी-कानदुखी टळते का, ते पाहायचं होतं. पण निम्म्या मुलांच्या पुड्या खऱ्या, निम्म्यांच्या नुसत्याच पांढऱ्या. कुणाला कुठली, ते खुद्द डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

मल्लव्वांना हे काही पचेना. देवाच्या पंगतीत निम्म्यांना खीर आणि निम्म्यांना पाणी कुणी वाढतं का? शेजारच्या झुंबरबाईंची नात स्वप्नालीही त्याच चाचणीत होती. मल्लव्वांनी हळूच कानावर घातलं, तर झुंबरबाई फाटकातच गरजल्या, "म्हंजे माझ्या पोरीला रांगोळी चारत्यात व्हय?"

"जरा हळू. दोघांच्या पुड्या एकत्र करू की. एकाची जरी खरी निघाली, तरी दोघांच्या पोटात जाईल."

पण झुंबरबाईंच्या फाटकातलं बोलणं फाटकात राहतंय थोडंच. दुपारपर्यंत चाचणीतल्या गल्लीभरच्या आया महिन्याच्या पुड्या घेऊन मल्लव्वांच्या दारात. भंडाऱ्याला घरोघरचे तांदूळ एका हंड्यात पडतात, तशा मल्लव्वांनी सगळ्या पुड्या परातीत ओतल्या, देवापुढं ठेवल्या, हात जोडले आणि चमच्याचमच्यानं सारख्या वाटून दिल्या. पुढं दर महिन्याला तोच रिवाज पडला.

थंडी सरली तरी एकाही पोराचा कान वाहिला नाही. तपासणीला डॉक्टर चक्रावल्या. एका गल्लीतली सगळीच पोरं ठणठणीत कशी? मल्लव्वांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी परातीची हकीकत सांगून टाकली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजी, आता कुणाला कशानं गुण आला, ते मला कसं कळायचं?"

"सगळ्यांना आला, एवढं कळलं की." मग मल्लव्वांनी नातवाला जवळ ओढलं. "वीरेशची पूड बंद न्हाय ना करणार?"

डॉक्टरांनी पुन्हा एकदा त्याच्या कानात डोकावून पाहिलं. कान स्वच्छ होता. "चाचणीतून तुमच्या गल्लीची नावं काढावीच लागतील, आजी. पण पूड खरी ठरली, तर पहिली तुमच्या गल्लीला आणून देईन. चाचणी आता नव्यानं पेठ वडगावात घेते."

"घ्या की. तिथं माझी धाकटी बहीण हाय. परात काढून ठेवायला सांगते."

डॉक्टर दचकल्या. "नको, नको. मग शिरोळला घेते."

मल्लव्वांचा चेहरा उजळला.

"शिरोळ तर माझं माहेर."