तिसऱ्या प्रश्नावर अडलेला दगड

जन्मात न पाहिलेल्या एका विद्यार्थ्याला मी 'दगड' म्हणाले, तेही चांगलं रेकॉर्ड करून. तेव्हा मी जेमतेम अडुसष्टची होते. अंगात रग होती, अक्कल यायची होती. तरी या चुकीतला निम्मा वाटा मी वरच्या मजल्यावरच्या खैरनारांवर टाकते.

खैरनार म्हणजे आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीतला एकमेव माणूस, ज्याच्याशी भांडायलाही आधी उद्दिष्ट लागतं. त्यांच्या कुंड्यांचं पाणी माझ्या पापडांवर पडलं म्हणून मी तणतणत वर गेले, तर म्हणाले, "आधी शेवट सांगा, बाई. हे बोलणं संपल्यावर मला काय करता आलं पाहिजे?"

"पाणी घालताना खाली बघता आलं पाहिजे."

"वा. तपासता येण्यासारखं उद्दिष्ट आहे," म्हणाले, आणि लिहून घेतलं.

सिन्नरच्या कारखान्यात कामगारांना शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर ऑनलाइन अभ्यासक्रम आखायचं वेड लागलं. फ्रिजवर पाच चौकटींचा तक्ता: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. वहिनी होत्या तोवर त्यावर भाजीची यादी चिकटवायच्या. "अहो, आधी अंघोळ आटपा, मग जगाला शिकवा," हे आम्हाला खाली ऐकू यायचं. त्या गेल्याला दोन वर्षं झाली. आता तक्ता अगदी स्वच्छ दिसतो.

शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी त्यांनी गणिताचा अभ्यासक्रम काढला आणि शिकवायला मला धरलं. माझा पहिला धडा पन्नास मिनिटांचा झाला. त्यातली अकरा मिनिटं माझा परिचय. खैरनारांनी त्याचे सात तुकडे केले, आणि परिचय सरळ गाळला. "डोक्यात एका वेळी मावेल तेवढंच वाढायचं, बाई." तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली मी. माझा धडा म्हणजे काय कुस्करायची शिळी पोळी?

खरा वाद पेटला तो चुकीच्या उत्तरांवरून. उत्तर बरोबर आलं तर पडद्यावर हिरवी खूण, चुकलं तर माझा आवाज. मी वर्गात बोलायचे तशीच बोलले: "लक्ष कुठंय? भाकरीचे तीन वाटे केले तर तुकडा मोठा, की चार केले तर?"

"सौम्य करा," खैरनार म्हणाले. "शिकणारा घाबरून तिथंच बसेल."

"न रागावता शिकवायचं, तर ते शिकवणं नाही, हळदीकुंकू झालं."

शेवटी ठरलं, महिनाभर चालवून बघायचं. माझ्या रागावण्यानं एक जरी माणूस अडला, तरी माझा आवाज काढून टाकायचा.

कोण कुठवर पोचलं याच्या नोंदी मी रोज बघत होते. घोटीच्या बायका पुढे, सिन्नरचे कामगार पुढे. एकच बिननावाचा प्राणी रोज दुपारी चारला तिसऱ्या, त्या भाकरीच्याच प्रश्नावर यायचा, आठ-दहा वेळा चुकायचा आणि निघून जायचा. हा एकटा माझी तीस वर्षं पाण्यात घालणार. संतापून मी त्या प्रश्नाला नवं रेकॉर्डिंग चढवलं: "अरे दगडा, रोज तेच? चहा झाला का तुझा? घे, आणि नीट बघ."

दुसऱ्या दिवशी चारलाच, याचा निकाल लावायचा म्हणून वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून माझाच आवाज येत होता: "अरे दगडा, रोज तेच?"

खैरनार टेबलाशी एकटेच बसले होते. एका हातात मोबाइल, समोर चहा. आवाज थांबला तसं त्यांचं बोट पुन्हा चुकीच्या उत्तरावर गेलं.

"तीन वाट्यांपेक्षा चार वाट्यांतला तुकडा मोठा?" मी दारातूनच म्हणाले. "हे कसलं मूल्यमापन, खैरनार?"

ते दचकले. मोबाइल पालथा ठेवला, आणि कपाकडे बघत म्हणाले, "बरोबर उत्तराला नुसती हिरवी खूण येते, बाई. चुकलं की कुणीतरी रागावतं."