बापूजीपंतांचा उजवा हात

"लोकांच्या बागा नुसत्या फुलतात, माझी बाग बोलेल!"

१९५२ साली पेन्शनीत निघालेल्या हरिहरपंतांनी अख्ख्या डोंबिवलीला हे ऐकवून ठेवलं. फाटकातून शिरावं आणि विहिरीपर्यंत चालता चालता त्यांच्या घराण्याचा इतिहास बघावा, अशी योजना! मधोमध खापरपणजोबा बापूजीपंत, तलवार उगारलेले; समोर थरथर कापणारा फिरंगी कप्तान. तगर, जास्वंद वगैरे मंडळी निव्वळ तोंडी लावायला!

"अहो, पण बापूजीपंत गडावर घोड्यांना चंदी द्यायचे ना? मामंजी सांगत," सुमतीबाई म्हणाल्या.

"चंदी खाल्ल्याशिवाय घोडा लढतो का? मग!"



खरी गोम वेगळीच. ठाण्याच्या इतिहास मंडळाने पंतांचा सभासद होण्याचा अर्ज तीनदा परत धाडलेला. आता अध्यक्ष त्र्यंबकराव रविवारी जातीने बाग बघायला यायचे होते.

पुतळ्यांसाठी कल्याणचा नाथा आणलेला. जन्मभर त्याने गणपती घडवले, सिमेंट पहिल्यांदाच. साहजिकच बापूजीपंतांचं पोट सुटलं.

"पोट कमी कर रे!"

"पोटाशिवाय आपल्याला जमत नाय, पंत!"

फिरंगी मात्र झकास साधला. कापायचं सोडून नवरदेवासारखा ताठ!

शनिवारी दुपारी धाडकन आवाज झाला. बापूजीपंतांचा उजवा हात तलवारीसकट जास्वंदीत!

"नाथा! अरे, उद्या अध्यक्ष येतायत!"

"घाबरू नका. सिमेंटचा सराव करताना गणपतीचा एक हात ओतलेला. आणतो."

संध्याकाळपर्यंत हात बसला. तळवा वर, आणि तळव्यावर भलाथोरला मोदक!

"मोदक काढ!" पंत किंचाळले.

नाथाने छिन्नी चालवली. वरचं टोक उडालं, पण बूड तळव्याला चिकटून बसलं. आणखी ठोकावं, तर अख्खा हात डुगडुगायला लागला!

शेजारची बायजा कुंपणावरून बघत होती. पंतांनी जमीन तिच्याकडूनच घेतलेली.

"पंत, तुमचा आजा त्या गोऱ्याकरं काय मांगतंय वो?"

पंतांनी पुतळ्यावर घाईघाईने धोतर टाकलं.

रविवारी सकाळी त्र्यंबकराव दहा-बारा सभासदांसह हजर झाले. पंतांनी पुतळ्यावरचं धोतर ओढलं. त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला.

"हातातली ही थैली... फिरंग्याने दिलेली?"

पंत मोदकाचं बूड झाकायला पुढे सरसावले.

"आणि ती बघा, तलवार जास्वंदीत फेकून दिलेली! काय बारकावा! म्हणजे आपले पूर्वज चक्क फितूर?"

पंतांना वाटलं, विहीर जवळ आहे हे एक बरं! तेवढ्यात त्र्यंबकरावांनी त्यांना मिठीच मारली.

"शाबास, पंत! जो तो आपला पूर्वज घोड्यावर बसवतो. आमच्या एकूण एक सभासदाचा पणजोबा शूर! मग गड गेले तरी कसे? खरं सांगायची छाती फक्त तुमची! अर्ज मंजूर, आणि थेट कार्यकारिणीत!"

मागचे सभासद खाली बघत टाळ्या वाजवू लागले.

सुमतीबाईंना राहवलं नाही. "अहो, सांगा ना त्यांना! ते तसे नव्हते हो. सरळ माणूस होता बिचारा!"

"तू आत जा, चहा टाक!" पंत खेकसले.

मग उपरणं सावरून, हात जोडून ते नम्रपणे म्हणाले, "अध्यक्षमहाराज, बापूजीपंतांचं काय घेऊन बसलात! आमचे आजोबा त्यांच्याहून हरामखोर होते!"