लाजरसमामांचं पीक

पाखरं हाकायला लोक गोफण घेतात. आमचे लाजरसमामा गायनांचं पुस्तक काखोटीला मारून मचाणावर चढत आणि पोपटांना येशूची गाणी ऐकवत. आवाज असा, की फाटकापलीकडची गुरं दावं तोडायला बघत. पोपट मात्र निवांत कणसं सोलत बसायचे. "ऐकायलेत बघा," मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "लय भाविक हायत."

सगळे त्यांना मामाच म्हणत. ते पूर्णा जंक्शनच्या रेल्वे फाटकावर कामाला होते. निजामाच्या अमलातली गोष्ट. मी लग्न होऊन रेल्वेच्या चाळीत आले तेव्हा तिथली ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजकी घरं. खलाशी, फिटर, गँगवाले. उपासना पत्र्याच्या शेडमध्ये. जमीन कुणाकडे वीतभरही नव्हती, पण कापणीचा सण दरसाल यायचाच. मग लोक मोंढ्याच्या बाजारातून कणसं विकत आणून वेदीपुढे ठेवत. मामा खवळायचे. "इकतचं देवापुढं ठिवता? मंग प्रार्थनेत आडत्याचं नाव घ्या की!"

एका वर्षी त्यांनी मृगाआधीच जाहीर केलं, "औंदा आपलं पीक. उगवायचंच!"

शेडमागे रेल्वेची पडीक जागा होती. तिची इजाजत वरच्या साहेबाने कंटाळून दिली असं माझे यजमान म्हणत. जागा कसली, इंजिनाची राख आणि खडी. ड्यूटीवरून सुटलेला माणूस दिसला की मामा त्याच्या हातात टोपलं देत. नाताळाखेरीज तोंड न दाखवणारेही खडी वेचायला येऊ लागले, आणि अंधारलं की मामा त्यांना तसेच मळक्या हातांनी प्रार्थनेला बसवत. शेडमध्ये बसायला जागा पुरेना.

पहिली पेरणी करपली. मामांनी दुसरी केली. पावसाने परत दडी मारली तेव्हा इंजिनात पाणी भरायच्या नळाखाली आम्हा बायकांना बादल्या देऊन उभं केलं. ड्रायव्हर ओरडायचा, "गाडी लेट व्हायलीय!" मामा शांतपणे म्हणत, "हू द्या. ज्वारी लेट झाली तर तुमी टिकिट परत देनार हाव का?"

पीक कमरेला लागलं आणि माझ्या सासूबाईंची शेळी त्यात शिरली. मामांनी तिला धरून, उपासनेला परगावाहून आलेल्या पाळकसाहेबांपुढे थेट उभं केलं. "हिला पस्तावा करायला सांगा." त्या दिवसापासून सासूबाईंनी मामांशी बोलणं टाकलं.

मग एकदा शेतसारा तपासणारा गिरदावर आला. मचाणाखाली घोडा थांबवून त्याने दरडावलं, "किसका खेत है?" मामा वरून म्हणाले, "मालिक ऊपर है, साहेब." गिरदावराने मचाणाकडे बोट केलं. "तो नीचे बुलाव उसको!" मामांनी खाली उतरून त्याला समजावायला घेतलं. बायबलातल्या उत्पत्तीपासून. बिचारा दुसऱ्या अध्यायातच निघून गेला.

सणाची तारीख पाळकसाहेबांनी ठरवली तेव्हा कणसं कोवळी होती. साहेब परगावाहून ठरल्या दिवशी आलेही. "कच्चं देवाला द्यायचं न्हाई," म्हणून मामांनी त्यांना संध्याकाळच्या गाडीने परत पाठवलं.

अखेर ज्वारी काढली. सणाच्या सकाळी मामांनी घरोघरी एकेक पेंढी पोचवली, अगदी आमच्याकडेही. आमच्यात रीत अशी, की पाळक एकेका घराचं नाव घेतात आणि त्या घरची लहानथोर सगळी मिळून उठतात, आपली पेंढी वेदीपुढे ठेवतात. नावं होत गेली. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "लाजरसचं घर."

मामा पेंढी धरून उभे राहिले. पण पाऊल उचलेना. मला वाटलं, एवढा बडबड्या माणूस, आता लाजतो कशाला?

सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "दुष्काळात मिशनात आनून सोडलेलं लेकरू त्ये. गाव न्हाई, आडनाव न्हाई. बायकू पहिल्याच बाळंतपनात गेली, लेकरू बी गेलं. दरसाली सनाच्या वक्ताला मागून ड्यूटी घेतंय. घराचं नाव घेतल्यावर एकट्यानं उठवत न्हाई त्याला."

एवढी खडी, एवढ्या बादल्या, ती पोपटांपुढची गाणी. आणि हा माणूस चार पावलांना भीत होता.

"लाजरसचं घर," साहेब पुन्हा म्हणाले.

सासूबाई ताडकन उठल्या. एका हाताने मला ओढलं, दुसऱ्याने माझ्या नवऱ्याला, आणि जाऊन मामांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मागून फिटर उठला, त्याची बायको उठली, गँगवाले उठले. अख्खी शेड उठली.

पाळकसाहेब गोंधळले. "अहो, मी एकाच घराचं नाव घेतलं."

"यायलोत की, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "घर मोठं हाय. येळ लागतोय."

मामांनी पेंढी छातीशी धरली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागले. रडत होते, आणि डोळे पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.